मोटारगाडीच्या इंजिनातील संपीडन चाचणी : तत्त्व, कार्यपद्धती आणि निदानातील विवेक

सारांश

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीच्या इंजिनाची प्रकृती न खोलता जाणून घेण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत सिलिंडरमधील संपीडन दाब मोजणे हा सर्वांत जुना आणि कमी खर्चाचा मार्ग होय. प्रस्तुत लेखात या चाचणीमागील भौतिक तत्त्व, तिची शिस्तबद्ध कार्यपद्धती, मिळालेल्या आकड्यांचा अर्थ आणि हे आकडे कोणत्या परिस्थितीत दिशाभूल करतात याचे विवेचन केले आहे. तीन सिलिंडरच्या ७९६ घनसेंमी क्षमतेच्या इंजिनाचे उदाहरण घेऊन हिशेब मांडला आहे. गेजवरील एकटा आकडा निदान करीत नाही. सिलिंडरांची परस्पर तुलना, दाब वाढण्याची रीत आणि पूरक चाचण्या यांच्या आधारेच निष्कर्षापर्यंत जाता येते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : संपीडन, सिलिंडर, झडप, पिस्टन रिंग, गेज दाब, गळती चाचणी, निदान

१. प्रस्तावना

गाडी चढावर ओढत नाही, धूर सोडते, सकाळी लवकर सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये जातो, तेव्हा पुष्कळदा त्याला एकच वाक्य ऐकावे लागते : ‘इंजिनाचे काम निघाले आहे.’ या एका वाक्याचा अर्थ काही हजार रुपयांचे हेडचे काम असा होऊ शकतो, किंवा बोअर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे यांसह संपूर्ण इंजिन खोलून बांधणे असाही होऊ शकतो. जुन्या गाडीच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा खर्च गाडीच्या बाजारमूल्याच्या जवळ जातो. ज्याची रोजची मिळकत त्या गाडीवर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने तर हा कुटुंबाच्या काही महिन्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो. असा निर्णय केवळ आवाज, धूर आणि अनुभवी कारागिराचा अंदाज यांवर सोपवावा काय, हा या लेखामागील मूळ प्रश्न आहे.

आपल्याकडील कारागिरांचे हात आणि कान यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि अंदाजाला मोजमापाची जोड मिळाली तर तो तपासता येतो, दुसऱ्याला समजावून सांगता येतो आणि चुकला असल्यास दुरुस्तही करता येतो. संपीडन चाचणी, जिला गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन बघणे’ म्हणतात, ती अशी जोड देते. तिला लागणारे उपकरण साधे आहे आणि कुशल माणसाचा फार तर तासभर वेळ तिला लागतो. असे असूनही ती घाईने, अर्धवट आणि कारणे समजून न घेता केली जाते, असे अनेकदा आढळते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) संपीडन दाबाचे इंजिनाच्या कार्यातील स्थान स्पष्ट करणे. २) चाचणीतील प्रत्येक पायरीमागील कारण सांगणे. ३) मिळालेल्या नोंदींचा अर्थ लावण्याची पद्धत मांडणे. ४) चाचणीच्या मर्यादा आणि तिला पूरक असलेल्या चाचण्या यांचा परिचय करून देणे.

३. संपीडनाचे महत्त्व : ऐतिहासिक व तात्त्विक बाजू

एतिएन लन्वार याने १८६० मध्ये व्यवहारात आणलेल्या वायुइंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण पेटविण्यापूर्वी दाबले जात नसे. ते इंजिन चाले. परंतु इंधन फार खाई. मिश्रण पेटण्यापूर्वी शक्य तितके दाबले पाहिजे, हा विचार १८६२ मध्ये आल्फोन्स बो द रोशा याने चार धावांच्या चक्रासह मांडला. पुढे १८७६ मध्ये निकोलाउस ओटो याने तो यशस्वी इंजिनाच्या रूपात उतरविला. आजच्या पेट्रोल इंजिनातील शोषण, संपीडन, शक्ती आणि उत्सर्जन हा क्रम त्याच इंजिनाचा वारसा आहे.

संपीडनाने लाभ का होतो, हे आदर्श चक्राच्या सूत्रावरून दिसते. संपीडन गुणोत्तर जितके अधिक, तितका उष्णतेचा मोठा अंश कामात रूपांतरित होतो. गुणोत्तर ९ असल्यास आदर्श हवाचक्राची कार्यक्षमता सुमारे ५८ टक्के निघते. प्रत्यक्ष इंजिनात उष्णतेचा व्यय, घर्षण आणि अपूर्ण ज्वलन यांमुळे ती पुष्कळच कमी असते. परंतु दिशा तीच राहते. म्हणून एखाद्या सिलिंडरमधील दाब गळून जात असेल तर त्या सिलिंडरची शक्ती घटते, मिश्रण नीट पेटत नाही आणि जे पेट्रोल जळायला हवे ते सायलेन्सरवाटे बाहेर जाते.

सिलिंडर हे एक बंद भांडे मानले तर त्यातून हवा निसटण्याच्या मुख्य वाटा तीनच आहेत. पहिली वाट पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधून खाली तेलाच्या कोठीत जाते. दुसरी वाट आदान किंवा निष्कास झडप आणि तिची बैठक यांच्या फटीतून जाते. तिसरी वाट हेड गॅस्केटमधून शेजारच्या सिलिंडरमध्ये, पाण्याच्या मार्गात किंवा बाहेर जाते. क्वचित हेड किंवा पिस्टन यांना पडलेली भेग ही चौथी वाट ठरते. संपीडन चाचणीचे सगळे तर्कशास्त्र या वाटा एकमेकींपासून वेगळ्या करण्यात आहे.

४. गेजवर किती आकडा अपेक्षित धरावा?

विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा गोंधळ येथे दूर करणे आवश्यक आहे. संपीडन गुणोत्तर ९ : १ म्हणजे दाब नऊपट, असे समजले जाते. तसे असते तर गेजवर सुमारे ८ बार, म्हणजे ११६ पीएसआय दिसले असते. प्रत्यक्षात निरोगी इंजिनात त्याहून बराच अधिक आकडा मिळतो. हे कसे घडते?

आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ राहिलेल्या आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० या गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिमी आणि पिस्टनची धाव ७२ मिमी आहे. यावरून एका सिलिंडरचे धावेचे घनफळ सुमारे २६५ घनसेंमी आणि तिन्हींचे मिळून ७९६ घनसेंमी येते. हिशेबाच्या सोयीसाठी संपीडन गुणोत्तर ९ : १ धरले, तर पिस्टन सर्वांत वर असताना वर उरणारी जागा सुमारे ३३ घनसेंमी येते. लहान वाटीत मावेल एवढीच ही जागा आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे तेलाच्या चाचणीत त्याचा संबंध येणार आहे.

हवा दाबली असता ती तापते आणि तापल्यामुळे दाब आणखी वाढतो. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे धरले, तर नऊपट दाबलेल्या हवेचा निरपेक्ष दाब सुमारे २१.७ बार होईल. म्हणजे गेजवर ३०० पीएसआय दिसतील. हा आकडाही प्रत्यक्षात मिळत नाही. त्याची दोन मुख्य कारणे आहेत. एक म्हणजे सेल्फवर इंजिन मिनिटाला केवळ दोनशे-तीनशे फेरे फिरते. त्या संथ गतीत हवेतील उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाण्यास अवधी मिळतो आणि थोडी गळती निरोगी रिंगांतूनही होतेच. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, आदान झडप पिस्टन तळाशी पोहोचताच बंद होत नाही. वेगाने चालणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेच्या झोताचा लाभ घेण्यासाठी ती मुद्दाम उशिरा बंद केली जाते. सेल्फच्या गतीत असा झोत नसतो. त्यामुळे वर येणारा पिस्टन काही हवा परत बाहेर लोटतो.

झडप तळबिंदूनंतर ५० अंशांनी बंद होते आणि कनेक्टिंग रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या सुमारे ३.३ पट आहे असे धरून हिशेब केला, तर धावेचा सुमारे १३ टक्के भाग वाया जातो आणि परिणामकारक गुणोत्तर ९ वरून सुमारे ७.९ वर येते. उष्णतेचा व्यय लक्षात घेऊन १.२५ ते १.३ हा घातांक वापरला असता गेज दाब साधारण १२ ते १४ बार, म्हणजे १७५ ते २०० पीएसआय इतका निघतो. पेट्रोल इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत दिलेले आकडे याच परिसरात का असतात, हे यावरून उमगते. अर्थात हा हिशेब समजुतीसाठी आहे; निर्णयासाठी त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतील प्रमाण आणि किमान आकडाच ग्राह्य धरावा.

येथे स्थळाचाही विचार करावा लागतो. गेजवरील आकडा वातावरणाच्या दाबावर अवलंबून असतो आणि उंचीनुसार तो दाब घटतो. समुद्रसपाटीवरील मुंबईत एखादे इंजिन १८० पीएसआय दाखवीत असेल, तर सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तेच इंजिन १६८ च्या आसपास आणि सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात १५३ च्या आसपास दाखवील. इंजिनात काहीही बिघडलेले नसते. हवाच विरळ झालेली असते. घाटमाथ्यावरील गॅरेजमध्ये कोकणातली गाडी तपासताना हा फरक ध्यानात न घेतल्यास चांगल्या इंजिनावर ‘कमी कॉम्प्रेशन’ असा शिक्का बसू शकतो. सिलिंडरांची आपसातील तुलना मात्र कोणत्याही उंचीवर तितकीच ग्राह्य राहते.

५. कार्यपद्धती आणि प्रत्येक पायरीमागील कारण

५.१ पूर्वतयारी. इंजिन नेहमीच्या चालू तापमानापर्यंत गरम करून बंद करावे. गरम स्थितीत पिस्टन आणि रिंगा आपल्या खऱ्या मापाला येतात आणि भिंतींवर तेलाचा थर असतो. मात्र हेड ॲल्युमिनियमचे असेल तर फार तापलेल्या अवस्थेत प्लग काढण्याची घाई करू नये. आटे निघून येण्याचा धोका असतो. इंजिन थोडे निवू द्यावे. बॅटरी पूर्ण भारित असावी. पहिल्या सिलिंडरच्या वेळी सेल्फ जोरात आणि शेवटच्या वेळी मंद फिरला, तर शेवटचा सिलिंडर विनाकारण दोषी ठरतो.

५.२ इंधन व ठिणगी बंद करणे. इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा आणि इग्निशन कॉइलची जोडणी सोडवावी. असे न केल्यास उघड्या प्लगच्या छिद्रांतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना जवळच ठिणगी पडू शकते. शिवाय आत फवारलेले पेट्रोल भिंतींवरील तेल धुऊन टाकते आणि नोंद कमी येते. संकरित, म्हणजे हायब्रिड गाड्यांत उच्च विद्युत दाबाची यंत्रणा असल्याने निर्मात्याच्या सूचनांवाचून ही चाचणी करूच नये.

५.३ प्लग काढणे. प्लगभोवतीची धूळ आधी हवेच्या झोताने उडवावी; अन्यथा तीच खाली सिलिंडरमध्ये पडते. एकच नव्हे, सर्व प्लग काढावेत, म्हणजे सेल्फवरील भार कमी होऊन फिरण्याची गती एकसारखी राहते. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. तेलकट, काजळलेला किंवा पांढुरका पडलेला प्लग गेज लावण्याआधीच पुष्कळ काही सांगतो.

५.४ थ्रॉटल पूर्ण उघडणे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवण्यास साहाय्यकाला सांगावे. ही सर्वाधिक विसरली जाणारी पायरी आहे. थ्रॉटल मिटलेला असेल तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि सगळे आकडे सारखेच कमी येतात. विद्युत मोटरने थ्रॉटल उघडणाऱ्या गाड्यांत केवळ पेडल दाबल्याने तो उघडला की नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

५.५ मोजणी. गेजची नळी हातानेच आट्यांत बसवावी. तिच्या टोकाची लांबी प्लगच्या आट्यांएवढी असावी. ती आखूड असेल तर वरची जागा वाढून आकडा घटतो, लांब असेल तर पिस्टनला लागण्याची भीती असते. मग सेल्फ मारून पाच-सहा संपीडन धावा होऊ द्याव्यात. प्रत्येक सिलिंडरला तितक्याच धावा द्याव्यात. पहिल्या धावेचा आणि शेवटचा असे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत. नंतर गेज शून्यावर आणून पुढील सिलिंडर घ्यावा. संशयास्पद आकडा आल्यास तो सिलिंडर पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

६. नोंदींचा अर्थ

सामान्यतः सर्वांत कमी नोंद सर्वांत अधिक नोंदीच्या ७५ टक्क्यांहून खाली नसावी, असा संकेत आहे. अनेक निर्माते याहून कडक मर्यादा घालतात आणि दोन सिलिंडरांत सुमारे १ बारपेक्षा अधिक फरक मान्य करीत नाहीत. समजा, तीन सिलिंडरांच्या नोंदी १७०, १६५ आणि १६० आल्या. तर इंजिन समतोल आहे असे म्हणता येते. त्याच नोंदी १७०, १६८ आणि १०५ आल्या तर तिसऱ्या सिलिंडरचा दाब पहिल्याच्या ६२ टक्केच आहे आणि दोष निश्चित आहे. नोंदी १२०, ११८ आणि १२० आल्या तर मात्र थांबून विचार करावा. तिन्ही सिलिंडरांच्या रिंगा अगदी सारख्याच झिजल्या असणे शक्य आहे. परंतु मिटलेला थ्रॉटल, मंद सेल्फ, चुकीचे गेज किंवा एखाद्या दात्याने सरकलेला टायमिंग बेल्ट यांपैकी काही असण्याची शक्यताही तितकीच आहे. सर्वच आकडे एकसारखे कमी आले तर आधी चाचणीवर आणि मग इंजिनावर संशय घ्यावा.

दाब कसा चढतो हेही अर्थपूर्ण असते. निरोगी सिलिंडरमध्ये पहिल्याच धावेला काटा मोठी झेप घेतो आणि पुढील दोन-तीन धावांत स्थिरावतो. रिंगा झिजल्या असतील तर पहिली झेप लहान असते, पुढे दाब हळूहळू चढत जातो, तरी अपेक्षित आकड्याला पोहोचत नाही. झडप गळत असेल तर पहिली झेपही लहान आणि पुढची वाढही नगण्य असते. लगतचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवीत असतील तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. याउलट आकडा प्रमाणाहून बराच अधिक आला तर आनंद मानू नये. ज्वलनकक्षात साचलेला कार्बन किंवा आत उतरलेले तेल वरची जागा व्यापीत असते.

७. तेलाची चाचणी आणि तिच्यातील फसगत

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे इंजिन तेल घालून पुन्हा मोजण्याची रीत सर्वपरिचित आहे. तेल रिंगांभोवतीची फट काही काळ बुजविते; म्हणून आकडा वाढला तर दोष रिंगांचा आणि न वाढला तर झडपेचा किंवा गॅस्केटचा, असा ठोकताळा सांगितला जातो. ठोकताळा उपयुक्त आहे; पण त्यात एक खाच आहे, जिचा उल्लेख क्वचितच होतो.

वर पाहिल्याप्रमाणे पिस्टनच्या वरची जागा सुमारे ३३ घनसेंमी आहे. तेल दाबले जात नाही. म्हणून ते जितकी जागा व्यापते, तितकी हवेसाठीची जागा कमी होते. अर्धा चमचा, म्हणजे २.५ मिलि. तेल सर्वस्वी तेथेच राहिले असे धरल्यास दाब सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. पूर्ण चमचा, म्हणजे ५ मिलि. तेल असल्यास वाढ २० टक्क्यांच्या घरात जाते. ही वाढ रिंगा संपूर्ण निरोगी असतानाही होणारच. लहान इंजिनात सढळ हाताने तेल ओतून ‘आकडा वाढला, रिंगा गेल्या’ असा निर्णय देणे म्हणजे आपणच घडविलेली वाढ पुरावा म्हणून सादर करणे होय. यावर उपाय सोपा आहे. तितकेच तेल एका चांगल्या सिलिंडरमध्येही घालून मोजावे. दोषी सिलिंडरमधील वाढ चांगल्या सिलिंडरमधील वाढीहून स्पष्टपणे अधिक असेल तरच रिंगांचा दोष मानावा.

डिझेल इंजिनात ही तेलाची चाचणी करू नये. तेथील उच्च संपीडनात तेल पेट घेऊ शकते आणि वरची जागा अतिशय लहान असल्याने अधिक तेल पिस्टनला अडवून कनेक्टिंग रॉड वाकविण्याइतका ताण निर्माण करू शकते. डिझेल इंजिनाचा संपीडन दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून अधिक असतो. त्यासाठी गेजही वेगळे लागते आणि ते ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागी बसवावे लागते.

८. पूरक चाचणी : गळतीचा माग

संपीडन चाचणी ‘कोणता सिलिंडर’ हे सांगते. ‘कोणती वाट’ हे गळती चाचणी सांगते. संबंधित सिलिंडरचा पिस्टन संपीडन धावेच्या शिरोबिंदूवर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत, प्लगच्या छिद्रातून दाबाखालील हवा सोडली जाते. हवेच्या दाबाने क्रँकशाफ्ट फिरू नये म्हणून तो रोखून धरावा लागतो. दोन गेज असलेल्या उपकरणावर गळतीचे प्रमाण टक्क्यांत वाचता येते. परंतु खरी माहिती कान देतात. तेल भरण्याच्या तोंडातून सुस्कारा ऐकू आला तर रिंगा, थ्रॉटलमधून आला तर आदान झडप, सायलेन्सरमधून आला तर निष्कास झडप आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेडची भेग. रिंगांमधून थोडी हवा निरोगी इंजिनातही निसटते. झडपेतून मात्र ती ऐकू येता कामा नये.

९. एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका माध्यमिक शिक्षकांची सीएनजीवर चालणारी जुनी मारुती ८०० चढावर ओढेनाशी झाली होती आणि सकाळी सुरू करताना निळसर धूर सोडीत होती. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, तेल जळते म्हणजे रिंगा गेल्या, असा तर्क करून एका गॅरेजने संपूर्ण इंजिन बांधण्याचा सल्ला दिला. सल्ला देणारा कारागीर अप्रामाणिक नव्हता. त्याच्यापाशी गेज नव्हते इतकेच.

चाचणीत १६०, १५५ आणि ९० पीएसआय अशा नोंदी मिळाल्या. अर्धा चमचा तेल घातल्यावर तिसऱ्या सिलिंडरमध्ये ९० चे ९८ झाले. तितक्याच तेलाने पहिल्यात १६० चे १७५ झाले. वाढ दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात होती. म्हणजे ती तेलाने व्यापलेल्या जागेची होती, रिंगांची नव्हती. हवा सोडून पाहता सायलेन्सरमधून स्पष्ट सुस्कारा ऐकू आला. टॅपेट तपासले असता तिसऱ्या निष्कास झडपेला मुळीच फट उरली नव्हती. फट योग्य करून पुन्हा मोजले तरी आकडा फारसा सुधारला नाही, तेव्हाच हेड काढण्याचा निर्णय घेण्यात आला. झडपेची कड एका बाजूने जळालेली निघाली.

कारणांची साखळी अशी होती. वायुरूप इंधनाने झडपेच्या बैठकीला द्रव इंधनासारखा ओलावा मिळत नाही. बैठक हळूहळू झिजते, झडप वर सरकते आणि टॅपेटची फट नाहीशी होते. मग झडप पूर्ण मिटत नाही, बैठकीला टेकून थंड होण्याची तिची संधी जाते आणि ती जळते. सकाळच्या निळ्या धुराचे कारण वेगळेच होते : झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील कडक झाल्याने रात्रभर तेल खाली झिरपत होते. हेड उतरलेलेच असल्याने सीलही बदलले गेले. पिस्टन आणि बोअर यांना हात लावावा लागला नाही. दोन लक्षणांना एकच कारण मानण्याच्या मोहातून पहिले निदान चुकले होते. त्या मोहाला अडविले ते तेलाच्या दोन नोंदींच्या तुलनेने.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची टॅपेट-फट नियमित तपासली पाहिजे, असाही धडा यातून मिळतो. ती तपासणी अल्प खर्चाची आहे आणि ती टाळल्याचा परिणाम महाग पडतो.

१०. चाचणीच्या मर्यादा

संपीडन चाचणी इंजिनाच्या संपूर्ण आरोग्याचा दाखला नव्हे. बेअरिंगची झीज, तेलाचा अपुरा दाब, इंधन किंवा ठिणगीतील दोष यांविषयी ती काहीही सांगत नाही. तेल अडविणाऱ्या रिंगा निकामी होऊन इंजिन तेल खात असले, तरी दाब धरणाऱ्या वरच्या रिंगा शाबूत असल्यास आकडे चांगले येऊ शकतात. सेल्फच्या संथ गतीत ठीक वाटणारी झडप वेगात कमकुवत स्प्रिंगमुळे गळू शकते. काही आधुनिक इंजिनांत आदान झडप मुद्दाम फार उशिरा मिटविली जाते. त्यांचे आकडे जुन्या अनुभवाच्या मापाने कमी भासतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच चांगल्या आकड्यांवर संपूर्ण विसंबू नये. परंतु वाईट आकड्यांकडे दुर्लक्षही करू नये.

११. निष्कर्ष

१) गेजवरील आकड्याचा अर्थ इंजिनाची रचना, सेल्फची गती, थ्रॉटलची स्थिती आणि स्थळाची उंची यांच्या संदर्भातच लावावा. २) एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तुलना आणि दाब चढण्याची रीत अधिक विश्वसनीय असते. ३) तेलाची चाचणी चांगल्या सिलिंडरवरही केल्याखेरीज तिचा निष्कर्ष ग्राह्य मानू नये. ४) हेड किंवा इंजिन खोलण्यापूर्वी गळती चाचणीने दोषाची वाट निश्चित करावी. ५) औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत ‘आकडा किती आला’ याबरोबर ‘तो तसा का आला’ हेही विद्यार्थ्याने लिहून द्यावे, अशी अपेक्षा ठेवावी.

गाडीचा मालक इंजिनाच्या आत पाहू शकत नाही. त्याला कारागिराच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. नोंदींचा साधा कागद हा विश्वास दोघांनाही तपासता येईल असा करतो. इंजिन खोलण्याआधी हा कागद मागणे हा मालकाचा हक्क आहे आणि तो न मागता पुढे ठेवणे यात कारागिराची प्रतिष्ठा आहे.